अर्धवट राहिलेली वाकळ घरच्या रामरगाड्यात पूर्ण कशी करायची

मसुराची काढणी आटोपली, उन्हं चढली, की आमच्या बेळगाव भागात घरोघरी जुन्या साड्यांची गाठोडी माळ्यावरून खाली येतात. वाकळ सुरू करायला मुहूर्त लागत नाही. थर पसरले, चार बायका चार कोपऱ्यांना बसल्या, दुपारभर बोलत बोलत कच्चा टाका पडला की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. मग कुणाचं लग्न निघतं, पोरांच्या परीक्षा येतात, पाहुणे येतात. मृगाचा पाऊस लागतो आणि वाकळ घडी घालून परत माळ्यावर जाते.

माझी एक वाकळ अशी तीन वर्षं पडून होती. आईच्या दोन सुती इरकली साड्या तिच्यात होत्या, त्यामुळे टाकवतही नव्हती आणि बघवतही नव्हती. शेजारच्या कन्नड आक्का कुंपणावरून अधूनमधून विचारायच्या, "कौदी मुगीतेन्री?" झाली का हो कौदी, म्हणजे वाकळ? गेल्या उन्हाळ्यात ती झाली. घरात सासूबाई, दोन मुलं, उद्यमबागेत फौंड्रीत पाळीनं कामाला जाणारा नवरा, आणि वडगावातलं दोन खोल्यांचं घर. हे सगळं जिथल्या तिथं ठेवून ती कशी झाली, ते पायरीपायरीनं सांगते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. वाकळ आळसानं राहत नाही. ती पसरायला आणि गुंडाळायला जो वेळ लागतो, त्यात राहते. अर्धा तास मोकळा मिळतो, त्यातली दहा मिनिटं सतरंजी झटकण्यात, थर सारखे करण्यात जातात, पाच मिनिटं सुई शोधण्यात, आणि दोन ओळी होतात न होतात तोवर कुकरची शिट्टी. म्हणून पुढच्या सगळ्या युक्त्या एकाच कामासाठी आहेत: वाकळ दोन मिनिटांत मांडीवर यावी, दोन मिनिटांत बाजूला जावी, आणि कुठंही सोडली तरी बिघडू नये.

माळ्यावरून काढल्यावर

लगेच शिवायला बसू नका. दोन कडक उन्हं द्या, दोन्ही बाजूंनी. कच्च्या टाक्याची वाकळ धुवायची मात्र नाही, थर आतल्या आत गोळा होतात. ऊन दिल्यावर नाक लावून वास घ्या. आपल्याकडं पावसाळा लांबतो, खानापूरकडं तर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, त्यामुळे आतल्या थरात कुबट वास राहिला असेल तर त्या बाजूचा कच्चा टाका उसवून तो थर काढूनच टाका. वरून कितीही चांगलं शिवलं तरी पहिल्या आषाढात तो वास परत येतो.

मग प्रकाशासमोर धरून बघा. उंदरानं कुरतडलेलं, विरलेलं, जुन्या टाचणीचा गंज लागलेलं, सगळं दिसतं. विरलेल्या जागी उसवत बसू नका, वरून ठिगळ घ्या, वाकळेला ठिगळ शोभतंच. हळदीचे, तेलाचे डाग तसेच राहू द्या.

ठिगळांसाठी कापड विकत आणायची गरज नसते. ओटीत आलेले ब्लाऊजपीस प्रत्येक घरात पिशवीभर असतात. फक्त ते सुती आहेत का ते बघून घ्या. कडेचा एक धागा काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. तसले पीस वाकळेत घालू नका, घाम शोषत नाहीत आणि शेजारचं सुती कापड आटलं की फुगे धरतात. नवं कापड असेल तर आधी धुवून आटवून घ्या. लाल, गर्द निळा, काळा रंग असेल तर पाणी निवळ निघेपर्यंत वेगळं धुवा, नंतर ओल्या कापडावर पांढरी चिंधी दाबून बघा. माझ्या पहिल्या वाकळेत एका लाल परकराचा रंग उतरून आजोबांचं पांढरं धोतर गुलाबी झालं. धुतलेलं असूनही झालं, कारण मी एकदाच धुतलं होतं.

इरकलीबद्दल एक वेगळं सांगायला पाहिजे. सुती इरकलीचं अंग वाकळेला फार चांगलं, वापरून वापरून लोण्यासारखं मऊ होतं. पदर मात्र बहुतेक वेळा रेशमी किंवा नकली रेशमाचा असतो, सुईखाली सरकतो आणि अंगाच्या आधी फाटतो. तो कापून वेगळा ठेवा. गुळेदगुड्डच्या खणाचंही तसंच. ताठ असतो, तळहाताएवढा तुकडा मधोमध किंवा कोपऱ्याला शोभेला लावा, अंगाला लागेल तिथं नको.

किती शिवायचं राहिलंय ते मोजा

हा हिशेब कुणी करत नाही आणि तिथंच मन खचतं. माझी वाकळ ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब. एक एक इंचावर ओळ घ्यायची तर ६० ओळी, प्रत्येक ७ फुटांची, म्हणजे ४२० फूट शिवण. दीड फुटाचा एक हात धरून मोजली तर २८० हात. घड्याळ लावून बघितलं, पाच थरांतून एक हात शिवायला मला ६ मिनिटं लागली. म्हणजे २८ तास. रोज ४० मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस, असं धरलं तर सात आठवडे. तीन वर्षं जिचं ओझं वाटत होतं ती सात आठवड्यांची निघाली. फेब्रुवारीच्या शेवटी बसलं तर मेच्या आधी वाकळ अंगावर.

वेळ कमी असेल तर ओळींत दीड इंच सोडा. ओळी ४० होतात आणि काम १९ तासांवर येतं. पण आतल्या साड्या फार जुन्या असतील तर ही काटकसर करू नका. जीर्ण कापडाला जवळजवळच्या टाक्यांचाच आधार असतो. मी कडेला आणि विरलेल्या जागी इंचावर ओळी घेतल्या, मध्ये थोड्या लांब.

दोऱ्याचाही अंदाज घेऊन ठेवा. टाका वरखाली जाताना दोरा शिवणीपेक्षा साधारण सव्वापट लागतो, आणि दुहेरी घेतला तर त्याच्या दुप्पट. ४२० फूट म्हणजे १२८ मीटर, तेव्हा दुहेरी दोरा जवळजवळ ३२० मीटर लागतो. रिळावर मीटर छापलेले असतात. रविवार पेठेत किंवा खडेबाजारात जाल तेव्हा सगळी रिळं एकदम आणा, एक जास्तीचं. पांढरा म्हणून महिन्यानं आणलेला पांढरा शेजारी ठेवला की वेगळा दिसतो. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा टणक असतो, ताण आला की दोरा तुटत नाही, कापड चिरतं.

काठाकडून आत

आमच्याकडं सर्रास लांबीनं ओळी घालतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चार बायका मिळून बसल्या तर ते ठीक. एकटीनं, तुकड्यातुकड्यानं शिवायचं असेल तर मी सिद्दी बायकांची रीत घ्यायला सांगेन. पोर्तुगीज काळात गोव्यामार्गे आणलेल्या आफ्रिकी लोकांचे हे वंशज. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात त्यांची वस्ती आहे, आपल्या खानापूर तालुक्यातही काही घरं आहेत. त्यांची कवंदी कोपऱ्यापासून सुरू होते, चारही काठांनी फिरते आणि फेऱ्याफेऱ्यांनी आत आत जात मध्यावर संपते. चार कोपऱ्यांना कापडाची छोटी तिकोनी घडी बसवतात, तिला फूल म्हणतात.

याचा फायदा संसारी बाईला फार मोठा आहे. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या की काठ बंद होतो. सुतं निघत नाहीत, थर सरकत नाहीत, वाकळ ओढली-ताणली तरी बिघडत नाही. पाहुणे जास्त आले आणि पांघरूण कमी पडलं तर अर्धी शिवलेली वाकळ सुई काढून अंगावर घेता येते. मी दोनदा दिली.

काठ असा बंद करा. खालचं अस्तर चारही बाजूंनी वरच्या थरांपेक्षा दोन बोटं जास्त ठेवा. ते वर वळवा, त्याची कड आत दुमडा आणि त्या दुमडीवरून पहिली फेरी घ्या. अस्तर आधीच बरोबर कापलं गेलं असेल, तर जुन्या साडीचा काठ कापून त्याचा गोट लावा. इरकलीचा काठ घट्ट विणीचा असतो, वर्षानुवर्षं टिकतो. कोपऱ्यावर कापड जाड होतं, सुई आत जात नाही, तिथं आतले दोन थर तिरके कातरून टाका. शिलाई मशीन असेल तर हा एक काठ मशीनवर मारला तरी माझी हरकत नाही. आतली शिवण हाताचीच ठेवा, मशीनचा टाका जुन्या कापडाला भोकं पाडत जातो आणि पुढं तिथूनच फाटतं.

या रीतीत एक धोका आहे, तो मला भोवला. काठाकडून आत येताना सुई सैल कापड पुढं पुढं ढकलत नेते. शेवटच्या चार फेऱ्या राहिल्या तेव्हा माझ्या वाकळेच्या मधोमध परातीएवढं पोट आलं होतं. दाबलं की शेजारी फुगायचं. मग वरचा एक थर मधोमध सरळ कातरला, एक कड दुसऱ्या कडेखाली बोटभर सरकवली, उघडी कड दुमडली, आणि त्यावर खणाचा चौकोन बसवला. आता तीच जागा सगळ्यांना आवडते. पण तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून शिवायच्या आधी कच्चा टाका नव्यानं घाला. वाकळ फरशीवर ओढून सपाट करा, चार कोपऱ्यांवर पाट किंवा डबे ठेवा आणि मध्यापासून काठाकडं, सूर्याच्या किरणांसारखे, लांब लांब टाके टाका. दोन टाक्यांत वीतभर अंतर चालतं. वेगळ्या रंगाचा दोरा वापरा, म्हणजे नंतर काढताना सापडतो. आणि दर तीन-चार फेऱ्यांनी वाकळ एकदा जमिनीवर टाकून तळहातानं मध्यापासून कडेकडं चोळा. हे एवढं एकच काम जमिनीवर करायचं. बाकी सगळं मांडीवर.

सुई, दोरा, टाका

सुई फार लांब नको, जाड चालेल. सुयांच्या पाकिटावर नंबर जेवढा लहान तेवढी सुई जाड. दाभण वापरू नका, भोक मोठं पडतं. मधल्या बोटाला अंगुस्तान घालायची सवय करा. पहिले दोन दिवस अडचण वाटते, पण पाच थरांतून उघड्या बोटानं सुई रेटली तर आठव्या दिवशी भाकरी थापता येत नाही.

दोरा दोन हातांपेक्षा लांब घेऊ नका. लांब घेतला की सुई कमी वेळा ओवावी लागते हे खरं, पण गुंता सोडवण्यात त्याच्या दुप्पट वेळ जातो आणि घासून घासून दोरा विरतो. ओवण्याआधी मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, वर जेवढा तेवढाच खाली. सुईवर तीन-चार टाके घ्यायचे आणि मग ओढायचं. ओढताना डावा हात कापडाखाली ठेवा, सुईचं टोक खाली बोटाला किंचित लागलं म्हणजे ते सगळ्या थरांतून गेलं असं समजा. दोरा बसला की थांबा. जोरात ओढलात तर ओळीला सुरकुती येते, आणि ती धुतल्यावर जात नाही. सुरुवातीची गाठ वर ठेवू नका. वरच्या थरातून सुई आत घालून हळूच झटका दिला की गाठ टुपकन थरांमध्ये जाऊन बसते. शेवटी दोन उलट टाके घ्या, सुई थरांमधून बोटभर लांब काढा आणि दोरा कापडालगत कापा.

घरात जागा आणि वेळ

वाकळ पिशवीत कोंबू नका. शिवायची कड वर येईल अशी, गादीसारखी गुंडाळी करा आणि जुन्या ओढणीनं बांधा. माझी गुंडाळी सोफ्याच्या मागं उभी असायची. ओढणी सोडली की कालचा टाका समोर. एका डब्यात कात्री, अंगुस्तान, मेणाचा तुकडा आणि सुया. डबा गुंडाळीच्या आतच.

सुई ओवण्यात वेळ जातो, आणि चाळिशीनंतर डोळेही साथ देत नाहीत. हे काम मी मुलीला दिलं. अभ्यासाला बसायच्या आधी ती पाच सुया ओवून, गाठ मारून, उशीला टोचून ठेवायची. दुसऱ्या दिवशीच्या ४० मिनिटांना त्या बरोबर पुरायच्या. पाच सुया संपल्या की त्या दिवसाचं काम संपलं. घड्याळाकडं बघावं लागत नाही.

वेळ कोणती, हे घराघराचं वेगळं. ह्यांची दुसरी पाळी असली की दुपारी दोनला घर रिकामं व्हायचं, मुलं शाळेतून यायला वेळ असायचा, गल्लीत मागांची खटखट चालू असायची. तो माझा वेळ. पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर बसायची, पण गर्द रंगावर रात्री शिवू नये, टाका दिसत नाही. गर्द भाग दिवसा, फिका भाग रात्री. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. बोटं दुखतात आणि तिसरा दिवसही जातो.

सासूबाईंना आता सुईत दोरा दिसत नाही. सुरुवातीला त्या नुसत्या बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "मला कायतरी दे की गं, नुसती बसून काय करू?" मी ठिगळांची पिशवी पुढं केली. कडा दुमडून, नखानं घडी पाडून चौकोन तयार करायचे. त्यांच्या बोटांना ते अजून येतं, आणि माझ्यापेक्षा सरळ येतं. चिकोडीकडच्या माहेरच्या वाकळांच्या गोष्टी निघाल्या, कुठल्या तुकड्यात कुणाचं लुगडं होतं ते निघालं.

कुणी मदतीला बसलं तर एक काळजी घ्या. प्रत्येकीचा हात वेगळा, कुणाचा टाका घट्ट, कुणाचा सैल. एकाच फेरीत दोन हात आले की वाकळ एका बाजूला ओढली जाते. म्हणून बाजू वाटून देऊ नका, पूर्ण फेरी एकीला द्या.

आणि सुया मोजा. बसताना मोजा, उठताना मोजा. मी एकदा चार मोजल्या, पाचवी सकाळी शोधू म्हटलं आणि गुंडाळी बांधली. त्याच संध्याकाळी मुलगा तिच्यावर रेलून टीव्ही बघत होता. सुई त्याच्या कोपराजवळ, कापडातून अर्धी बाहेर होती. लागली नाही, पण माझे हातपाय गार पडले. तेव्हापासून जुन्या स्पीकरमधलं चुंबक डब्यात असतं. उठताना ते वाकळेवरून फिरवायचं, मगच ओढणी बांधायची. लहान मूल असलेल्या घरात टाचण्या वापरूच नका, कच्चा टाका पुरतो.

शिवून झाल्यावर

कच्चा टाका सगळा काढा. दोन्ही बाजूंनी हात फिरवून बघा, कुठं टाका सुटला असेल, खालचा थर धरलाच नसेल, तर आत्ताच भरून घ्या. चुंबक शेवटचं एकदा फिरवा.

पहिली धुलाई उन्हाळ्यातच करा. घट बसायच्या आधी आपल्याकडं घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची रीत आहे, पण नव्या वाकळेची पहिली धुलाई तेव्हासाठी ठेवू नका, भाद्रपदातल्या उन्हाचा भरवसा नसतो आणि पाच थर आतून ओले राहिले की बुरशी धरते. मोठ्या टबात गार पाणी, थोडी साबणपूड, अर्धा तास भिजत. मग पायानं तुडवा. धोपटणं नाही, पिळणं नाही, पिळलं की ओल्या वजनानं टाके तुटतात. दगडावर घडी घालून पाणी निथळू द्या. वाळत घालताना एका दोरीवर नको, तीन-चार हातांच्या अंतरानं दोन दोऱ्या बांधा आणि वाकळ दोन्हींवर झोळीसारखी टाका, म्हणजे वजन एकाच ओळीवर येत नाही. दुपारी उलटा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन.

धुतल्यावर ती थोडी आटते, टाक्यांमध्ये बारीक बारीक फुगवटे येतात. तसंच यायला पाहिजे, ऊब तिथंच धरून राहते.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. जुन्या सुती चादरीत बांधा, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा दोन तास बाहेर. माझी ट्रंकेत गेलीच नाही. सासूबाईंनी पहिल्याच रात्री घेतली, आईच्या इरकलीची बाजू वर करून. सकाळी आक्का कुंपणापाशी आल्या, तर वाकळ दोरीवर होती. त्यांनी कोपरा हातात घेतला, उलटून खालचे टाके बघितले आणि आपल्या घरातली गुंडाळी आणायला गेल्या.